मान मळलेली नसते

दिवाळीआधी भाची आमच्याकडे इंदूरला रामबागेत राहायला आली होती. मार्गशीर्षात तिचं लग्न होतं आणि खरेदीला शीतलामाता बाजार इथून जवळ. तिसऱ्या दिवशी बाथरूममधून बाहेर आली ती मानेवर ओला रुमाल दाबूनच. रुमाल काढायला लावला. मान लालबुंद, दोन ठिकाणी साल निघालेली. लिंबाच्या फोडीवर खायचा सोडा घेऊन चोळलं होतं आणि वरून नायलॉनची जाळी. म्हणाली, "मावशी, सगळे म्हणतात मान मळकी दिसते. घासलं की निघेल."

मला तिचा राग आला नाही, पोटात तुटलं. कारण हे आम्हीच शिकवलंय. आमच्या लहानपणी रविवारी न्हाणं असलं की आईचं पालुपद ठरलेलं: मान घास, कोपरं घास, गुडघे घास. टाचेची वज्री कोपरांवरही फिरायची. सगळं मायेनंच. कोपरं मात्र दर वर्षी आणखी काळी आणि आणखी जाड होत गेली, आणि आम्हाला वाटायचं की आपलं घासणंच कमी पडतंय.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी भाचीला जे समजावलं ते मी शब्दन् शब्द लक्षात ठेवलंय. कातडी घासली जाते तेव्हा ती स्वतःला वाचवते. वरचा थर जाड करते, आणि खालच्या थरातल्या रंग तयार करणाऱ्या पेशी जास्त मेलॅनिन बनवतात. आपल्यासारख्या सावळ्या-गव्हाळ कातडीत हे लवकर होतं. म्हणजे तो काळेपणा हा मळ नाहीच, ते कातडीनं धरलेलं चिलखत आहे. आपण त्यालाच मळ समजून पुन्हा घासतो, कातडी पुन्हा चिलखत वाढवते. लिंबानं आग होते, आग झाली की डाग गडद होतो, आणि लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर अक्षरशः भाजल्यासारखे चट्टे उठतात. भाचीच्या मानेवर रोज वजनदार साखळी आणि रोज ती जाळी, एवढंच कारण निघालं.

माझीही पाठ दाखवून घेतली. खांद्यांमध्ये बारीक लाटा उमटल्यासारखा करडा-तपकिरी पट्टा आहे, वाळूवर वारा गेल्यावर दिसतात तशा रेघा. त्याला मॅक्युलर अ‍ॅमिलॉइडोसिस म्हणतात. वर्षानुवर्षं पाठ घासली-खाजवली की कातडीतल्या केराटिन नावाच्या प्रथिनाचे तुटलेले कण खाली साठून राहतात. लांब दांड्याच्या ब्रशनं वीस वर्षं पाठ घासली मी. तो ब्रश त्याच संध्याकाळी फेकला. पट्टा पूर्ण जाणार नाही हे त्यांनी स्पष्ट सांगितलं, आणि ते स्पष्ट सांगणं मला आवडलं.

उपाय काय, तर आधी घर्षण थांबवायचं. हे ऐकून भाचीचा चेहरा पडला, तिला ट्यूब हवी होती. ट्यूब दिली, पण साधी: मानेला पेट्रोलियम जेली, साल भरून आल्यावर रात्री अ‍ॅझेलाइक अ‍ॅसिडचं मलम, दिवसा उघड्या मानेला सनस्क्रीन. कोपरांना युरियाचं क्रीम. आंघोळीला हात आणि साबण, बस. वरची कातडी नवी व्हायला महिना-सव्वा महिना लागतो आणि डाग फिका व्हायला कित्येक महिने. आत खोल उतरलेला रंग असेल तर त्याहून जास्त. लग्नाच्या तारखेचं कातडीला काही पडलेलं नसतं.

दुसरी ट्यूब तिच्या पर्समध्ये आधीच होती. एका मेडिकल स्टोअरवाल्यानं चिठ्ठी न बघता दिलेली. त्यात रंग फिका करणारं हायड्रोक्विनोन, वरची साल काढणारं ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड, तिन्ही एकत्र. 2018 साली केंद्र सरकारनं स्टेरॉइडची मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ती अशी हातात पडतात. पहिल्या पंधरा दिवसांत कातडी उजळते, म्हणून बायका एकमेकींना सुचवतात. मग कातडी पातळ होते, लालसर होते, सोडलं की दुप्पट उसळतं. जांघेत काळेपणा आणि खाज असेल तर ते गजकर्णही असू शकतं, आणि त्यावर स्टेरॉइड म्हणजे त्याला खतपाणी. मैत्रिणीनं सांगितलेली ट्यूब मानेला लावू नका हो, पाया पडते.

आणखी एक. मानेचा किंवा काखेतला काळेपणा मखमलीसारखा जाड लागत असेल, तर तो घर्षणाचा नसून बहुधा शरीरातल्या इन्शुलिनच्या बिघाडाचा असतो. तिथे क्रीम नाही, रक्तातली साखर तपासायची. अशा मुलीला "मान धुवत नाहीस का" म्हणणाऱ्या काकू-मावश्यांनी हे जरूर वाचावं.

मेच्या उन्हात मांड्या घासून काळ्या पडतात, त्यावर गुडघ्यापर्यंतची सुती चड्डी आणि थोडी जेली, इतकं साधं आहे.

पण मला खरं बोलायचंय ते परकराच्या नाडीबद्दल. आईचं वय 76. नऊवारी तिनं कधी नेसली नाही, पाचवारीच, म्हणजे साठ वर्षं त्याच जागी तीच करकचून बांधलेली नाडी. कमरेभोवती काळी खाच, वर पांढरी साल. घरात कुणालाच त्यात काही वेगळं वाटलं नाही, कारण सगळ्याच बायकांच्या कमरेला ती असते. डॉक्टर बाईंनी ती बोटांनी चाचपून पाहिली. म्हणाल्या, तिथली भेग भरत नसेल किंवा गाठ लागत असेल तर तुकडा काढून तपासावा लागतो, क्वचित तिथे कॅन्सर होतो. कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या आपल्याच डॉ. वसंत खानोलकरांनी मुंबईत 1945 साली धोतराच्या गाठीखाली होणाऱ्या कॅन्सरबद्दल लिहिलं होतं. साडीचंही तेच. ऐंशी वर्षं झाली आणि आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

आईला तसं काही निघालं नाही. नाडी काढून मी परकरांना चार बोटं रुंद मऊ पट्टा शिवून घेतला. पहिल्या दिवशी ती सारखी कमरेला हात लावून बघत होती, परकर सुटला की काय म्हणून. आता म्हणते, जेवण झाल्यावर श्वास मोकळा लागतो.

भाचीची मान लग्नात सावळीच होती, साल मात्र भरून आली होती. चैत्रात माहेरपणाला आली तेव्हा बरीच फिकी दिसली. जाळी तिनं सासरी नेलीच नाही.