तिकीट ना!

स्कूटर गॅरेजात, बायको ऑडिटमध्ये अडकलेली, आणि मुलीच्या दाढेची पणजीतली अपॉइंटमेंट साडेअकराची. म्हणून आम्ही बापलेक फोंड्याच्या स्टँडवर खाजगी बसमध्ये चढलो. पार्श्वभूमी एवढी पुरे. माझं भांडण बसशी नाही, दाढेशी नाही, कंडक्टरशी आहे. थोडं मानसशास्त्राशीही आहे, पण ते ओघाने येईलच.

चिमी पाच वर्षांची. आजीबरोबर कदंबातून, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसमधून, जाते तेव्हा तिला तिकीट मिळतं. ते ती मुठीत धरून घरी आणते, तळहाताने सपाट करते आणि कंपासपेटीत ठेवते. तिच्या लेखी बसप्रवास तिकिटासाठीच असतो, गाव वगैरे मधे येतात. आणि आमच्याकडच्या खाजगी बसमध्ये पैसे घेतात, तिकीट देतीलच असं नाही. आम्हां मोठ्यांच्या हे इतकं अंगवळणी पडलंय की तिकीट मागणाऱ्याकडे लोक वळून बघतात. कुठल्या तरी भलत्याच राज्यातून आलेला दिसतो.

कंडक्टर बावीस-तेवीसचा असेल. नोटा उभ्या दुमडून बोटांच्या बेचक्यांत खोवलेल्या, दहाच्या वेगळ्या, वीसच्या वेगळ्या. हातातलं नाणं दांड्यावर टकटक आणि तोंडाने अखंड, "फाटीं वचात, फाटीं वचात, फाटीं बस रिती आसा!" म्हणजे मागे जा, मागे बस रिकामी आहे. त्या रित्या भागात एक बाई, तिच्या नारळांची दोन पोती आणि कॉलेजची चार पोरं एकमेकांच्या कडेवर उभी होती. मी पन्नासची नोट दिली. माझे दहा परत यायचे होते. "मागीर दितां," तो म्हणाला. मागीर म्हणजे नंतर. हा 'मागीर' ज्यांनी गोव्याच्या बसमध्ये अनुभवलाय त्यांना पुढचं सांगायला नको.

चिमीने हात पुढे केला. कंडक्टरला वाटलं पोर टाळी मागतेय. त्याने टाळी दिली.

तिने हात तसाच ठेवला. त्याने आणखी एक दिली.

"तिकीट?" चिमी म्हणाली.

"तिकीट ना, बाय."

फर्मागुडीचा चढ संपेपर्यंत तिचा खालचा ओठ बाहेर आला, आणि म्हार्दोळच्या अलीकडे तिने जो सूर लावला त्याने ड्रायव्हरने लावलेलं गाणं ऐकू येईनासं झालं.

आता इथे एक सांगायला हवं. मी शिकलेला बाप आहे. म्हणजे या विषयात शिकलेला. चिमीच्या शाळेने पालकांसाठी कार्यशाळा ठेवल्या होत्या: मुलांचं भावनिक आरोग्य, मानसशास्त्राच्या आधारे. सगळ्या आया आणि मी. पहिल्या दिवशी शिपायाने मला थेट स्टेजवर नेलं, मी प्रोजेक्टरवाला म्हणून. प्रोजेक्टर मी लावून दिला, लागलाही, आणि खाली येऊन बसलो तर खुर्चीवर कुणाची तरी पर्स. पण मी नेटाने वही भरली. जॉन गॉटमन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९९७च्या पुस्तकात पाच पायऱ्या सांगितल्यात. मुलाची भावना टिपायची. ती जवळ येण्याची संधी समजायची. ऐकून घ्यायचं. भावनेला नाव द्यायचं. मग मर्यादा आखून मार्ग काढायचा. वहीत हे फार सुरेख दिसतं. बाईंनी असंही सांगितलं होतं की बोलताना मुलाच्या नजरेच्या पातळीवर या.

तेव्हा मी चालत्या बसमध्ये उकिडवा बसलो. नजर चिमीच्या पातळीवर आली, आणि नाक शेजारच्या गृहस्थांच्या पिशवीतल्या खाऱ्या बांगड्यांच्या.

"तुला खूप वाईट वाटलंय," मी सुरू केलं. "तिकीट मिळणार असं वाटलं होतं आणि मिळालं नाही. म्हणून राग आलाय. हो ना?"

"राग कित्याक येतलो?" वरून कंडक्टर म्हणाला. "सगळ्या बसींनी अशेंच आसता."

"तुम्हांला नव्हे हो. हिला विचारतोय."

"हां," तो म्हणाला, पण सरकला नाही.

"राग येणं चुकीचं नाही," मी चिमीला म्हणालो. "सगळ्यांना येतो. तिकीट मिळायला हवं असं वाटणं अगदी बरोबर आहे."

कंडक्टरचं नाणं थांबलं. तो खाली वाकला. आता पातळीवर आम्ही तिघं आणि बांगडे. "तुमी आर्टीओंतले?"

"नाही हो!"

"मागीर तिकीट तिकीट कित्याक करतात?"

'आर्टीओ' हा शब्द मात्र बसभर ऐकू गेला. ड्रायव्हरने आरशातून पाहिलं, गाणं बंद केलं आणि, खोटं सांगत नाही, सीटबेल्ट लावला. खिडकीतले एक निवृत्त मास्तर, चेहऱ्यावरूनच मास्तर, उठून उभे राहिले. "बरं झालं कुणीतरी विषय काढला! पैसे घेता तर तिकीट द्यायलाच हवं. उद्या अपघात झाला तर आम्ही बसमध्ये होतो याचा पुरावा काय?" नारळवाली म्हणाली की अपघात झाला तर पुरावा ती स्वतःच असेल. कॉलेजच्या पोरांपैकी एकाने मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं. म्हणजे ज्या आंदोलनाची मला कल्पना नव्हती त्याचा नेता मी झालो होतो, तोही उकिडवा. चिमीचं रडणं तेवढ्यात आणखी अर्धा सूर वर गेलं होतं आणि त्याची दखल घ्यायला कुणी मोकळं नव्हतं.

एकदा भावनेला नाव दिलं की ती निवते, असं कार्यशाळेत ठासून सांगितलं होतं. आधारही आहे. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात मॅथ्यू लीबरमन यांनी २००७ साली लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये निजवून भेदरलेल्या, रागावलेल्या चेहऱ्यांची चित्रं दाखवली. चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द दिला की मेंदूतल्या अमिग्डालाची, म्हणजे भीतीची घंटा वाजवणाऱ्या भागाची, धावपळ कमी होते, असं दिसलं. मला एवढंच नोंदवायचंय की ती मोठी माणसं होती, आडवी होती, आणि त्यांना कुणी फाटीं वचायला सांगत नव्हतं.

मास्तरांनी मग मोर्चा माझ्याकडे वळवला. "आणि तुम्हीसुद्धा! एवढ्याशा पोरीची समजूत कसली घालता? आमच्या वेळी एक छडी दाखवली की वर्ग गार." मला फार तोंडावर आलं होतं की गोव्यात शाळेत मुलांवर हात उचलायला बंदी आहे, आणि २००३पासून आपला स्वतःचा बालकायदासुद्धा आहे. पण बांगड्यांमुळे तोंड उघडवत नव्हतं. शिवाय मास्तर एकटे नाहीत. जॉन वॉटसन हे तर मानसशास्त्रातलं केवढं मोठं नाव, आणि त्यांनी १९२८ साली आईबापांना लिहून सांगितलं की मुलांना मिठ्या मारू नका, मांडीवर घेऊ नका. अगदीच राहवत नसेल तर रात्री कपाळावर एक मुका, आणि सकाळी हस्तांदोलन. हस्तांदोलन! हे त्या काळचं अत्याधुनिक पालकत्व. म्हणजे माझ्या आजीने माझ्या बापाला मांडीवर घेतलं ती शास्त्रविरोधी वागली, आणि मी घेतो तो शास्त्रानुसार. चिमीच्या मुलांच्या वेळी काय निघेल कुणास ठाऊक.

मंगेशी गेली. कंडक्टरचा आवाज एकाएकी चिरकला. "सगळे माकाच बोवाळ घालतात! सकाळीं सा वरांचेर येतां हांव. मालकाक पयशे भरूंक जाय, डिझेल जाय, आनी हें ल्हान भुरगें पसून माका तिकीट विचारता!"

आणि मी, सवयीने, निव्वळ सवयीने म्हणालो, "तुमच्यावर फार ताण आहे असं दिसतंय."

झालं.

त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला त्याच क्षणी दहा रुपयांवर पाणी सोडायला हवं होतं. "कोणें विचारूंक ना माका आयज मेरेन," तो म्हणाला, म्हणजे आजवर कुणी विचारलंच नव्हतं, आणि इंजिनाच्या बॉनेटवर टेकला. कुंडईपासून तो बोलायला लागला. मालक हिशेब मागतो पण सुट्टी देत नाही. घरी आई लग्नाचं बघतेय, पण मुलीकडचे विचारतात नोकरी सरकारी का. पोलिसात भरतीसाठी पळाला होता, छाती कमी पडली. भोम आलं, लोक चढले, त्यांचे पैसे घेता घेता तो कथा सोडत नव्हता. मी मान हलवत होतो. मधेमधे "हं", "मग?", "तेव्हा तुला कसं वाटलं?" वहीतलं सगळं अचूक येत होतं, फक्त समोरचं मूल चुकीचं होतं. विचारपूर्वक आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग म्हणे पंचविशीच्या आसपास पुरता तयार होतो. त्या हिशेबाने कायद्याने नाही तरी शास्त्राने हाही माझ्याच खात्यात होता.

आणि खरं मूल? ते केव्हाच नारळवालीच्या मांडीवर गेलं होतं. तिने कागदाची पुडी सोडली आणि चिमीच्या तोंडात खाजें भरलं. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो: बेसनाची शेव गुळाच्या पाकात घोळवून वर आलं लावलेलं. फेस्तात, जत्रेत मिळतं. दाढेला जे चिकटतं ते दाढेबरोबरच निघतं.

"मावशी, नको! दातांच्या डॉक्टरकडे चाललोय आम्ही."

"आवय खंय हिची?"

"ऑफिसात."

"तरीच," मावशी म्हणाली, आणि आणखी एक तुकडा भरला. "आवय आसल्यार रडपाचें ना."

हे मला झोंबलं. अजून झोंबतंय, म्हणूनच हे लिहितोय, कंडक्टर हे निमित्त. ही मुलगी आईसमोर याच्या दुप्पट रडते, चौथ्या घरापर्यंत ऐकू जातं. पण बापाबरोबर मूल रडलं की पहिला प्रश्न 'आई कुठे', आणि आईबरोबर रडलं की 'आई असून?' बाप कुठे हे कुणीच विचारत नाही. बायकोला हे सांगितलं तर म्हणाली, "तुला एकदा विचारलं तर लेख लिहितोस, मला रोज विचारतात." हे बरोबर आहे, पण माझ्या लेखात तिला जास्त जागा देता येणार नाही.

मावशीला तरी का बोल लावू? शास्त्रानेच तसं शिकवलंय. जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी मुलांच्या मानसिक आरोग्यावर मोठा अहवाल लिहिला, त्याच्या नावातच मातृसंगोपन. बापाचा उपयोग काय, तर कमवून आणावं आणि आईला आधार द्यावा. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांचा अमेरिकेत बाल्टिमोरला झालेला तो प्रसिद्ध प्रयोग: खोलीत मूल, आई, एक अनोळखी व्यक्ती. आई बाहेर जाते, परत येते, मूल तिला कसं बिलगतं ते बघायचं. बाप खोलीत नाही. मला तर वाटतं गाडी पार्क करत असावा. विनिकॉट हे बालरोगतज्ज्ञ. फार दयाळू माणूस, म्हणाले की परिपूर्ण असायची गरज नाही, पुरेशी बरी आई असली की झालं. पुरेसा बरा बाप मात्र मला त्या सगळ्या वहीत सापडला नाही. शेवटी १९७५ साली मायकेल लॅम्ब यांनी एक निबंध लिहिला, बालविकासातले विसरलेले वाटेकरी म्हणजे वडील, अशा अर्थाचं शीर्षक. तो वाचून मी एकटाच खुर्चीत 'हेच, हेच' करत होतो. त्याला आता पन्नास वर्षं झाली आणि बाणस्तारीच्या पुलावर अजून बातमी पोचलेली नाही.

जुन्या गोव्याला चिमी झोपली. भावना ओळखल्याने नव्हे, खाजें पचवून. पणजीच्या स्टँडवर मी तिला खांद्यावर टाकून उतरलो तसा कंडक्टर मागून उडी मारून आला. मला वाटलं दहा रुपये. त्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला. "बरें दिसलें उलोवन," तो म्हणाला. "तुमी कितें, डॉक्टर?" एवढ्या कोमल प्रसंगी सुटे मागायचे कसे? मी "दहा..." एवढं म्हणालो तोवर ड्रायव्हरने हॉर्न मारला आणि माझा पेशंट पायरीवर लटकून "फोंडा फोंडा फोंडा" करत गेला. आर्टीओचा माणूस समजून घाबरला होता तेव्हाच मागायला हवे होते, दहाचे वीस दिले असते.

दाताच्या डॉक्टरीणबाईंनी दाढेतून आल्याचा धागा काढला, चिमटा माझ्यासमोर धरला आणि गोड कमी करण्याबद्दल सविस्तर सूचना दिल्या. मी सगळ्या लक्ष देऊन ऐकल्या. शेवटी त्या म्हणाल्या, "हे सगळं आईला नीट सांगा हं."

रात्री कार्यशाळेच्या ग्रुपवर पुढच्या सत्राची सूचना आली. विषय: मुलांच्या भावविश्वात वडिलांचं स्थान. बुधवार, सकाळी ११. सर्व मातांनी वेळेवर उपस्थित राहावे. खाली एक वेगळी ओळ माझ्यासाठी होती: तुम्ही जरा लवकर याल का, प्रोजेक्टर लावायचा आहे.