झडप रक्त दळत नाही

व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय: बदलून बसवलेल्या आणि कृत्रिम हृदयातल्या धातूच्या झडपा दर ठोक्याला रक्त जात्यासारखं दळतात, त्यामुळे सगळ्यांचंच रक्त कमी होतं, कृत्रिम हृदयाचा पहिला पेशंट त्यानेच गेला, तेव्हा रक्त पातळ करणारी गोळी थांबवा, आहे ते रक्त तरी वाचेल. शेवटचं वाक्य वाचलं आणि लिहायला बसले.

‘दळतात.’ मी लॅबमध्ये स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब, सूक्ष्मदर्शकाखाली बघते. अशा पेशंटच्या स्लाइडवर कधीकधी तांबड्या पेशींचे तुकडे दिसतात. कुणी त्रिकोणी, कुणी हेल्मेटसारखा, दोन शिंगांचा. पेशी फुटतात हे खरं. पण झडपेच्या पाकळीखाली चिरडून नव्हे. कडेचे टाके सुटून फट राहिली की तिच्यातून रक्ताची चिळकांडी उडते आणि त्या ओढाताणीत पेशीचं आवरण फाटतं. स्वतःचीच झडप दुरुस्त केलेली असेल आणि अशी चिळकांडी राहिली, तर तिथेही हेच तुकडे सापडतात. तिथे तर दळायला धातूची पाकळीच नसते!

‘सगळ्यांचंच रक्त कमी होतं.’ नाही. १९६० च्या दशकातल्या, पिंजऱ्यात चेंडू असलेल्या झडपांत हे जास्त दिसे. आजची दोन पाकळ्यांची झडप, किंवा तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने घडवलेली, १९९० पासून बसवली जाणारी एका चकतीची झडप नीट बसली असेल, तर थोड्या पेशी फुटतात आणि अस्थिमज्जा त्या भरून काढते. ती सेकंदाला वीसेक लाख तांबड्या पेशी बनवते. बहुतेक संपूर्ण कृत्रिम हृदयांत मात्र चार झडपा असतात आणि तिथे ॲनिमिया नेहमीचाच; एवढं मान्य.

‘पहिला पेशंट त्यानेच गेला.’ डिसेंबर १९८२ मध्ये अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीला बार्नी क्लार्क यांना ‘जार्विक-७’ हे कृत्रिम हृदय बसवलं; कायमचं म्हणून ते बसवलेले हे पहिले पेशंट. तेराव्या दिवशी त्यातली एक झडप मोडली, डावा पंप बदलावा लागला. ते ११२ दिवस जगले. शेवटी एकेक अवयव निकामी होत गेला. पंप तेव्हाही चालूच होता.

‘गोळी थांबवा.’ हे जिवावर बेतेल. गोळी पेशी फोडत नाही, गुठळी रोखते. ती थांबली तर झडपेवर गुठळी धरते, पाकळी अडकते, नाहीतर गुठळी मेंदूत जाते. डोस आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी तपासणी) बघून डॉक्टरांनीच ठरवायचा. लघवी कोऱ्या चहासारखी झाली, डोळे पिवळे दिसले, धाप लागू लागली, तर एलडीएच (पेशी फुटल्या की रक्तात वाढणारं द्रव्य), रेटिक काउंट (नव्या तांबड्या पेशींची मोजणी) आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या. रात्री घर शांत झालं की धातूच्या झडपेची टिकटिक ऐकू येते. ती दबकी झाली किंवा थांबली, तर सकाळची वाट बघू नका.