खुर्ची रिकामी होती, हत्यारं तयार नव्हती

नमस्कार. तुम्ही आमच्या दातांच्या दवाखान्याला एक तारा देऊन तीन तक्रारी लिहिल्यात: खुर्ची रिकामी असून पाऊण तास बसवलं, बाहेरच्या भिंतीला ओल आहे, आणि इतर दवाखान्यांत असते तशी निळ्या लाईटची पेटी इथे नाही, म्हणजे हत्यारं नीट साफ होत नसणार.

आधी पाऊण तासाचं. त्या दुपारी लाईट गेली होती. इन्व्हर्टरवर दिवे-पंखे चालू राहिले, म्हणून तुमच्या ते लक्षात आलं नसेल. ऑटोक्लेव्हचा, म्हणजे हत्यारं वाफेने निर्जंतुक करायच्या मशीनचा, लोड इन्व्हर्टरला झेपत नाही. आमच्या मशीनमध्ये पिशवीत सीलबंद केलेली हत्यारं १२१ अंशांच्या वाफेत सलग ३० मिनिटं ठेवावी लागतात. विसाव्या मिनिटाला लाईट गेली तर उरलेली दहा नंतर भरून काढता येत नाहीत, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. वाळायचा वेळ वेगळा, कारण पिशवीच्या ओल्या कागदातून जंतू आत शिरतात. मालवणात पावसाळ्यात लाईटचं काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहेच. आदल्या पेशंटचा हँडपीस (दात कोरायचं हत्यार) स्पिरिटने पुसून तुमच्या तोंडात घातला असता तर पाच मिनिटांत नंबर लागला असता. ते आम्ही करत नाही. शिवाय घाई केली की सुई टोचते ती हत्यारं धुणाऱ्या आमच्या मुलींना. हिपॅटायटिस बीची लस सगळ्यांना दिली आहे, पण एचआयव्हीवर आणि हिपॅटायटिस सीवर लसच नाही.

निळी पेटी निर्जंतुक झालेली हत्यारं ठेवायला असते, निर्जंतुक करायला नव्हे. तो प्रकाश पडतो तेवढ्याच भागावर काम करतो. पकडीच्या सांध्यात, हँडपीसच्या नळीत पोचत नाही. दिसते मात्र झकास! त्यापेक्षा पिशवी तुमच्यासमोर फोडायला सांगा. तिच्यावरच्या खुणेचा रंग बदललेला नसेल तर खुशाल खुर्चीवरून उठा. रंग बदलला म्हणजे पिशवी तापली इतकंच कळतं. जंतू खरोखर मेले का, हे पाहायला आम्ही वेगळी स्पोअर टेस्ट करतो, म्हणजे अतिशय चिवट जंतूंचा नमुना मशीनमध्ये ठेवून तो मेला का ते तपासतो. तिची वही काउंटरवर मागा.

ओल आहे. पाऊस ओसरल्याशिवाय तिथे रंग धरणार नाही. हत्यारं त्या भिंतीपासून लांब, आतल्या खोलीत बंद कप्प्यात असतात.

तुमच्या दाताबद्दल इथे जाहीर लिहिणं बरं नाही, पण पुढची तारीख चुकवू नका. आमच्याकडे यायचं नसेल तर एक्सरे आणि कागद घेऊन जा, दुसऱ्या डॉक्टरांना उपयोगी पडतील.