टेक्निकल रायटिंग मुंबईतून संपलं? त्या मेसेजबद्दल खुलासा

‘टेक्निकल रायटिंगचं सगळं काम स्वस्त देशांत चाललंय, मुंबईतल्या मुलांनी हे क्षेत्र सोडावं, नाहीतर दर निम्मे करावेत’ असा मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतोय. टेक्निकल रायटिंग म्हणजे सॉफ्टवेअर, यंत्रं वगैरे कशी वापरायची हे समजावणारं लेखन. हा मेसेज अर्धवट आहे आणि होतकरू लेखकांना नाहक घाबरवतोय.

खर्च वाचवण्याच्या याच हिशेबाने अमेरिका-युरोपातलं काम एकेकाळी सीप्झ, पवई, ऐरोलीत आलं. आता इथून हलतं ते मुख्यतः सुटं करता येणारं काम: पानांची मांडणी, मुद्रितशोधन, जुन्या मॅन्युअलच्या नव्या आवृत्त्या. जो लेखक प्रॉडक्ट स्वतः चालवून बघतो, इंजिनिअरला नेमके प्रश्न विचारतो, एपीआय (दोन सॉफ्टवेअरना एकमेकांशी जोडणारा दुवा) हाताळतो, त्याचं काम उचलून नेणं सोपं नाही. म्हणून मार्कडाउन (साध्या खुणांनी मजकुराची मांडणी करायची पद्धत), गिट (फाइलमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन), ओपनएपीआय (एपीआयचं वर्णन लिहायचा ठरलेला नमुना) शिकाच. डिटा, म्हणजे मजकूर पुन्हा वापरता येणाऱ्या सुट्या तुकड्यांत लिहायची पद्धत, हे २००५ पासून ओएसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं मानक आहे. मोठ्या डॉक्युमेंटेशन टीममध्ये ते उपयोगी पडतं.

फार्मसीची पदवी असेल तर औषध कंपन्यांचं रेग्युलेटरी लेखन (औषधाच्या मंजुरीसाठी सरकारी यंत्रणांना द्यायची कागदपत्रं लिहिणं) आधी बघा. तिथे सीटीडीचा (कॉमन टेक्निकल डॉक्युमेंट, म्हणजे त्या कागदपत्रांच्या ठरलेल्या रचनेचा) आराखडा यायला हवा.

दर मात्र निम्मे करू नका, तुमच्याहून स्वस्त कोणीतरी निघतोच. त्यापेक्षा एखाद्या ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेल्या) प्रकल्पाचं डॉक्युमेंटेशन सुधारा आणि मुलाखतीत तेच दाखवा.