पुण्याचं संशोधन कसं राहिलं?

गरोदर आईच्या आहाराचा मुलांच्या जनुकांच्या कामावर कसा परिणाम होतो, यावरच्या लेखात १९४४-४५ च्या डच उपासमारीचा (महायुद्धात नेदरलँड्समध्ये पडलेल्या दुष्काळाचा) उल्लेख आहे, छान. गर्भधारणेच्या सुमारास आई उपाशी असलेल्यांमध्ये साठेक वर्षांनीही आयजीएफ-२ या वाढीशी संबंधित जनुकावरचं मिथिलेशन (जनुक किती काम करेल यावर परिणाम करणाऱ्या रासायनिक खुणा) भावंडांपेक्षा कमी आढळलं. पण पुणं का वगळलं? पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून जवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. बाळं वजनाला कमी, अंगात चरबी मात्र तुलनेने जास्त! आईचं बी-१२ कमी अन् फोलेट (फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळीतून मिळणारं जीवनसत्त्व) जास्त असेल, तर त्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला सर्वाधिक प्रतिरोध (मधुमेहाकडे नेऊ शकणारी अवस्था) दिसला. ही दोन्ही जीवनसत्त्वं मिथिलेशनला लागतात, म्हणून हा धागा मोलाचा (थेट पुरावा नव्हे, हे मान्य). आपल्याकडे शाकाहारी घरांत बी-१२ ची बोंब असतेच. तरी गरोदरपणात लोह-फॉलिकच्या गोळ्या सर्रास मिळतात, बी-१२ कुणी क्वचितच तपासतं.