व्हॉट्सॲपचं बटण हवंच, पण तेवढ्यावर भागत नाही

छोट्या उद्योजकांच्या ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय. त्याचा आशय असा: ‘वेबसाइटवर कॉन्टॅक्ट फॉर्म, ईमेल, पत्ता हे सगळं आता जुनं झालं. सगळं गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर आहे. फॉर्म कुणी भरत नाही, ईमेल दिला की स्पॅम येतो, पत्ता काय गुगलवर सापडतोच. कोपऱ्यात हिरवं बटण टाका, फुकटात पाच मिनिटांचं काम.’

मी लहान धंद्यांच्या वेबसाइट करून देतो. हा मेसेज वाचून लोक चालू असलेला फॉर्मसुद्धा काढून टाकायला सांगू लागलेत, आणि त्यात त्यांचंच नुकसान आहे. बटणाला माझा विरोध नाही, प्रत्येक साइटवर मी ते टाकतोच. आक्षेप आहे तो बाकीचं सगळं काढून टाकण्याला.

‘सगळं गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर आहे.’ कुणाचं गिऱ्हाईक? डबे, ब्लाउज, केक यांचं बहुतेक असेलही. पण भोसरी किंवा बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचं काम करून देणाऱ्याचं गिऱ्हाईक म्हणजे एखाद्या कंपनीचं परचेस खातं. तिथला माणूस ड्रॉइंग मेलवर पाठवतो, दोन-तीन कोटेशनं मागवतो, पीओ (खरेदीची ऑर्डर) मेलवर काढतो, कारण उद्या ऑडिटला कागद दाखवावा लागतो. त्याने ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तुमचं बटण दाबलं की आधी व्हॉट्सॲपचं पान उघडतं, मग व्हॉट्सॲप वेब, मग फोन काढून क्यूआर स्कॅन करा. काही कंपन्यांत तर ते उघडतच नाही. तो पुढच्या सप्लायरकडे जातो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.

शिवाय एकाच दारावर विसंबलं की ते दार बंद झालं तर सगळंच बंद. २५ ऑक्टोबर २०२२ रोजी, ऐन दिवाळीत, व्हॉट्सॲप सुमारे दोन तास ठप्प होतं. त्याच्या आदल्या वर्षी ४ ऑक्टोबरच्या रात्री ते तासन्‌तास बंद होतं. तीही तात्पुरती गोष्ट झाली. फेसबुकने वेबसाइटवर लावायची आपली चॅटची सोय मे २०२४ मध्ये कायमची बंद केली. गुगलने बिझनेस प्रोफाइलवरच्या, म्हणजे गुगलवरच्या धंद्याच्या नोंदीवरच्या, फुकट वेबसाइट मार्च २०२४ मध्ये आणि तिथली चॅट जुलैमध्ये काढून घेतली. ज्यांचा संपर्क तेवढ्यावरच होता, त्यांना नव्याने सुरुवात करावी लागली.

‘फॉर्म कुणी भरत नाही.’ सगळ्यात जास्त खपणारा मुद्दा हाच, आणि सगळ्यात कमी तपासलेलाही हाच. भरलेला फॉर्म तुमच्यापर्यंत पोचतो का, ते आधी बघा. वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर सर्रास वापरलं जाणारं कॉन्टॅक्ट फॉर्म ७ हे प्लगिन (वरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) आलेला मजकूर स्वतःकडे साठवतच नाही, फक्त मेल करतं. ती मेल स्पॅममध्ये गेली की चौकशी गेली. समोरच्याला मात्र ‘धन्यवाद, लवकरच संपर्क करू’ असं दिसलेलं असतं आणि तो वाट बघत बसतो.

मेल स्पॅममध्ये जाण्याचं नेहमीचं कारण साधं आहे. फॉर्ममध्ये ‘पाठवणारा’ म्हणून गिऱ्हाइकाचाच जीमेल पत्ता घातलेला असतो आणि मेल निघते तुमच्या सर्व्हरवरून. जीमेलच्या नावाने भलत्याच सर्व्हरवरून आलेली मेल गुगलला संशयास्पद वाटणारच. म्हणून पाठवणारा पत्ता तुमच्या डोमेनचा, म्हणजे वेबसाइटच्याच नावाचा ठेवा, गिऱ्हाइकाचा पत्ता ‘रिप्लाय टू’मध्ये घाला, मेल एसएमटीपीने, म्हणजे मेलच्या खात्यात रीतसर लॉगिन करून पाठवा आणि मेल खरंच तुमचीच आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ व डीकेआयएम या नोंदी डोमेनला करा. आलेला मजकूर साठवायला कॉन्टॅक्ट फॉर्म ७ च्याच लेखकाचं फ्लेमिंगो हे प्लगिन आहे. मग महिन्यातून एकदा स्वतःच्या फोनवरून फॉर्म भरून बघा.

आणि भरताना नाव देवनागरीत लिहा. बाहेरून घेतलेल्या थीममध्ये (वेबसाइटच्या तयार साच्यात) नावाच्या रकान्याला कधी कधी फक्त इंग्रजी अक्षरं चालतात. ‘अनुराधा’ लिहिलं की खाली लाल अक्षरांत ‘कृपया योग्य नाव लिहा’. स्वतःचं बरोबर नाव लिहिणाऱ्या बाईंना तुमची वेबसाइट ते चूक आहे म्हणून सांगते! मराठी कीबोर्डवरून देवनागरी आकड्यांत आलेल्या, ९८ ने सुरू होणाऱ्या नंबराचीही तीच गत. वर कंपनीचं नाव, विषय, पिनकोड, ईमेल दोनदा, असे सक्तीचे रकाने. असा फॉर्म कोण भरेल? नाव, फोन किंवा ईमेल, आणि काय हवं आहे, एवढं साध्या चौकशीला पुरतं.

जास्त रकाने लागतात तिथेच फॉर्मची खरी किंमत कळते. हापूसच्या हंगामात न्यू जर्सीतली मुलगी पुण्यातल्या आईवडिलांसाठी पेटी मागवते. पैसे एकाचे, पत्ता दुसऱ्याचा, फोन तिसराच, आणि आंबे अक्षय्य तृतीयेच्या आधी पोचायला हवेत. व्हॉट्सॲपवर हे तुकड्यातुकड्यांत येतं: एक व्हॉइस नोट, अर्धा पत्ता, लोकेशन, ‘पिन नंतर सांगते’. बागायतदार पहाटेपासून बागेत. संध्याकाळी चॅट वर-खाली सरकवत पत्ते वहीत उतरवायचे, म्हणजे एखादी पेटी चुकीच्या दारात जाणारच. तेच फॉर्मने थेट शीटमध्ये आलं की कुरिअरची लेबलं त्यावरूनच निघतात. माहिती कशासाठी घेताय, ते मात्र फॉर्मखाली एका ओळीत लिहा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोखही तोच आहे.

‘ईमेल दिला की स्पॅम येतो.’ येतो, खरं आहे. म्हणून चौकशीसाठी आपल्या डोमेनवर वेगळा पत्ता ठेवायचा. फॉर्मला माणसाला न दिसणारा एक रिकामा रकाना जोडायचा. बॉट, म्हणजे आपोआप फॉर्म भरत सुटणारा प्रोग्रॅम, तो भरतो आणि तिथेच पकडला जातो. त्यासाठी ज्येष्ठांना सिग्नलची चित्रं ओळखायला लावायचं कारण नाही. पण नंबर उघडा टाकल्याने काहीच होत नाही, हा समज जास्त धोक्याचा आहे. घरातून धंदा करणाऱ्या कितीतरी बायका आपला खासगी नंबर बटणाला जोडतात आणि मग रात्री-अपरात्री अनोळखी व्हिडिओ कॉल सुरू होतात. धंद्याचा नंबर वेगळाच हवा. व्हॉट्सॲप बिझनेस लँडलाइनवरही सुरू करता येतं, पडताळणीचा कोड कॉलवर येतो.

‘पत्ता गुगलवर सापडतोच.’ गुगलवरच्या तुमच्या नोंदीत बदल सुचवायची सोय कुणालाही आहे, आणि खोट्या कस्टमर केअर नंबरांनी होणारी फसवणूक रोज कानावर येते. खरा नंबर कोणता, हे पडताळायला गिऱ्हाईक तुमच्याच साइटवर येणार ना? ऑनलाइन विक्री करत असाल तर २०२० चे ई-कॉमर्स नियमही आहेत: धंद्याचं कायदेशीर नाव, पत्ता, ईमेल, फोन आणि तक्रार अधिकाऱ्याची माहिती साइटवर हवी. तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची, निवारण महिन्याभरात करायचं.

‘फुकटात पाच मिनिटांचं काम.’ लिंक खरंच पाच मिनिटांत होते: डब्ल्यूए डॉट एमई, तिरकी रेघ, ९१ आणि दहा आकडी नंबर. अधिक चिन्ह, नंबराआधीचं शून्य, आडवी रेघ काही नको. त्यासाठी साइट जड करणारं प्लगिनही नको. वेळ जातो तो उत्तर देण्यात, म्हणून कामाच्या वेळा बटणाजवळ लिहा आणि रात्रीसाठी आपोआप जाणारा निरोप लावून ठेवा. आणि साइट एखाद्या लहान फोनवर उघडून बघा, कारण कोपऱ्यात तरंगणारं हे बटण बऱ्याचदा नेमकं फॉर्मच्या ‘पाठवा’वरच येऊन बसतं.