अगादीरचा सहकारी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

उत्तर आफ्रिकेतल्या इमाझिघन, म्हणजे बाहेरचे ज्यांना ‘बर्बर’ म्हणतात त्या लोकांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. दोन ओळींत उत्तर मावेना, म्हणून हे वेगळं लिहिते आहे.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुम्ही चौदा वर्षं दुबईत नोकरी करता. तुमचं म्हणणं असं की मोरोक्कोपासून इराकपर्यंत सगळे अरबच, भाषा एक, धर्म एक. ‘बर्बर’ ही फ्रेंचांनी फूट पाडायला काढलेली टूम आणि मी त्यावर उगाच कीस काढला. तुमच्या ऑफिसातला मोरोक्कोतल्या अगादीर शहराचा सहकारीही अरबीच बोलतो, हा तुमचा दाखला.

फ्रेंचांबद्दल तुमचं बरंचसं बरोबर आहे आणि ते माझ्या लेखात यायलाच हवं होतं. मोरोक्को फ्रेंचांच्या ताब्यात असताना १६ मे १९३० रोजी एक फर्मान निघालं. अमाझिघ (‘इमाझिघन’चं एकवचन) टोळ्यांचे खटले शरियतच्या न्यायालयांत न चालवता त्यांच्या रूढींप्रमाणे चालवायचे, असं त्यात होतं. त्यावर देशभर मशिदींमधून निषेध झाला. मोरोक्कोच्या स्वातंत्र्यचळवळीला खरा जोर तिथून आला असं मानतात. त्या कटू आठवणीमुळेच पुढे अमाझिघ भाषेचा विषय काढणाऱ्याकडे फुटीर म्हणून बघितलं गेलं.

पण फ्रेंचांनी फट हेरली, माणसं काही त्यांनी घडवली नाहीत. इब्न खल्दून या अरबी इतिहासकाराने बर्बरांचा इतिहास लिहिला तो १४व्या शतकात. फ्रेंच फौजा अल्जीरियात उतरल्या १८३० साली. माराकेश शहर वसवणारं अल्मोराविद घराणंही याच लोकांचं. ‘बर्बर’ हा शब्द मात्र त्यांना बाहेरच्यांनी चिकटवलेला, ‘ज्याची बोली आपल्याला कळत नाही तो’ या जुन्या ग्रीक अर्थाचा. ते स्वतःला अमाझिघ म्हणवतात, अनेकवचनी इमाझिघन. म्हणून मी तोच शब्द वापरते.

आता भाषा एक असल्याबद्दल. अरब लीगमध्ये २२ देश आहेत आणि त्यांत सोमालिया नि कोमोरोसही आहेत. सोमाली माणूस घरात सोमाली बोलतो, तरी त्याचा देश लीगमध्ये आहे. म्हणजे ‘अरब जग’ ही मोठी छत्री आहे. ती खोटी आहे असं मी कुठेही म्हटलेलं नाही. मोरोक्कोतले कितीतरी लोक, ज्यांचे पूर्वज अमाझिघ होते, आज फक्त अरबी बोलतात आणि स्वतःला अरब मानतात. त्यांना ‘तुम्ही अरब नाही’ असं सांगणारी मी कोण? माझा आग्रह एवढाच की जे स्वतःला वेगळं नाव देतात त्यांचं नाव पुसू नका. २०२४च्या जनगणनेत मोरोक्कोतल्या जवळजवळ चौथ्या हिश्श्याच्या लोकांनी अमाझिघ भाषा बोलतो असं सांगितलं. हा आकडा फार कमी आहे अशी तिथल्या कार्यकर्त्यांची तक्रार आहे.

नाव पुसणं हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. मोरोक्कोत मुलाचं नाव अमाझिघ ठेवलं म्हणून जन्मनोंदणीला नकार मिळाल्याच्या तक्रारी होत्या. २०१०मध्ये सरकारने ही नावं मान्य करायला सांगितलं. अल्जीरियात मार्च १९८०मध्ये तिझी उझूच्या विद्यापीठात जुन्या कबायली (तिथल्या अमाझिघ लोकांच्या) कवितेवरचं लेखक मुलूद मम्मेरींचं व्याख्यान सरकारने रद्द केलं. कवितेवरचं व्याख्यान! त्यातून विद्यार्थी रस्त्यावर आले आणि त्या आंदोलनाला ‘बर्बर वसंत’ हे नाव पडलं. मोरोक्कोत २०११ साली आणि अल्जीरियात २०१६ साली अमाझिघ भाषा राज्यघटनेत अधिकृत झाली.

आणि तुमचा सहकारी. तुम्ही नेमकं अगादीरचंच नाव घेतलंत! ‘अगादीर’ हा शब्दच अमाझिघ आहे, अर्थ भिंत किंवा तटबंदीचं धान्यकोठार. ज्या सूस खोऱ्याच्या तोंडाशी ते शहर आहे, तिथली बोली तशेलहीत, ही अमाझिघ भाषेचीच एक बोली.

त्या खोऱ्यात एका गावात मी बायकांना अर्गन नावाच्या झाडाच्या बियांचं तेल काढताना पाहिलं. दगडावर बी उभी धरायची, दुसऱ्या दगडाने एकच नेमका ठोका मारायचा, की बोट वाचतं आणि कवच फुटतं. आतला गर भाजायचा, आपल्या जात्यासारख्या दगडी जात्यात दळायचा. मग त्या लगद्यात थोडं थोडं कोमट पाणी घालत हाताने मळत राहायचं, तेल सुटेपर्यंत. तासन् तास. जात्यावर बसलेली आजी माझ्याशी बोलत होती आणि आमचा कासाब्लांकाचा वाटाड्या, ज्याची मातृभाषा अरबी, तिच्या नातीकडे बघत होता. नातीने सांगितल्याशिवाय त्याला एक अक्षर कळत नव्हतं. बाहेरच्या शाळेच्या पाटीवर अरबीखाली तिफिनाग या अमाझिघ लिपीतली ओळ होती. गोल, काट्या, ठिपके. आजीला कुठलीच लिपी वाचता येत नव्हती, पण ती दुसरी ओळ आपली आहे हे तिने बोट दाखवून सांगितलं.

८ सप्टेंबर २०२३च्या रात्री भूकंपात २,९०० हून जास्त माणसं गेली, त्यांतली बहुतेक उंच अ‍ॅटलास डोंगरातली. तिथल्या कितीतरी गावांत हीच बोली बोलतात. त्या बातम्या वाचताना मला ती आजी आठवत राहिली. माझ्या लेखातला जो सूर तुम्हाला हट्टी वाटला, तो तिथून आला आहे.

तुमचा सहकारी ऑफिसात अरबी बोलतो हे खरंच असणार. मोरोक्कोची दारिजा, म्हणजे तिथली बोलीभाषेतली अरबी, आखातातल्या लोकांना नीटशी समजत नाही, म्हणून तिकडचे लोक दुबईत आपली अरबीसुद्धा बदलून बोलतात. चौदा वर्षांत तुमच्या कानावर त्याची घरची भाषा आली नाही यात तुमचा काही दोष नाही. माझी एक विनंती आहे. एकदा चहाच्या वेळी त्याला विचारा, तुझी आजी घरात काय बोलायची? तो जे सांगेल ते इथे नक्की लिहा. आजीची भाषा अरबी निघाली, तर तेही लिहा.